‘सांगीतिक पार्श्वभूमी’च्या रकान्यात काय लिहू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

“शाळेच्या बँडमध्ये काही वर्षं आल्टो सॅक्सोफोन वाजवला, पुढे अभ्यासापायी सुटला. आता हिशेबाच्या नोकरीत आहे. संध्याकाळी एका छोट्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर हौसेने कन्सोल सांभाळतो. जॅझ ऐकण्याचं वेड आहे. परवा केंद्रप्रमुखांनी विचारलं, ‘आठवड्यातून एक तास जॅझचा कार्यक्रम करशील का?’ आणि हातात फॉर्म दिला. त्यात ‘सांगीतिक पार्श्वभूमी’ असा रकाना आहे. मी नावाजलेल्या जॅझ निवेदकांचे परिचय वाचले आणि हबकलोच. कोणी लहानपणापासून पियानो वाजवतंय, कोणाचा स्वतःचा बँड. भाऊ म्हणतो, ‘ज्याला वाजवता येत नाही त्याने वाजवणाऱ्यांबद्दल बोलू नये.’ आधी संगीताचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून मग माइकसमोर बसावं का? यात करिअर होतं का? आणि रकान्यात लिहू काय?
– अर्धवट सॅक्सोफोनवाला”

प्रिय अर्धवट सॅक्सोफोनवाले,

तास घ्या. अभ्यासक्रमाचं पुढे बोलू, पण ती या तासाची पूर्वअट नाही. केंद्रप्रमुखांनी तुम्हाला कन्सोलवर पाहिलंय, मधल्या वेळात तुम्ही काय ऐकता तेही त्यांच्या कानावर पडत असणार, म्हणून तर विचारलं. रिकामा स्लॉट फार दिवस कोणासाठी थांबत नाही. दोन वर्षांनी प्रमाणपत्र घेऊन याल तेव्हा त्या वेळेत दुसराच कार्यक्रम पाय रोवून बसलेला असेल.

तुमच्या भावाचं म्हणणं मी अगदीच उडवून लावणार नाही. त्यात तथ्य आहे, फक्त निष्कर्ष चुकलाय. आणि परिचय तुम्ही वाचलेत खरे, पण भीती वाटेल असेच नेमके वाचलेत. जॅझ रेडिओवर नाव कमावलेली माणसं दोन वाटांनी आली आहेत. एक वाट वाद्याकडून माइककडे येते, दुसरी ऐकण्याकडून. दोन्ही वाटांवरची माणसं जरा नीट पाहू, कारण तुमच्या तीनही प्रश्नांची उत्तरं बरीचशी तिथेच आहेत.

पहिल्या वाटेवरचं सगळ्यात ठळक नाव मरियन मॅकपार्टलंड. जन्म 1918, इंग्लंडमध्ये. लंडनच्या गिल्डहॉल स्कूल ऑफ म्युझिकमध्ये रीतसर पियानो शिकत होत्या आणि 1938 मध्ये ते शिक्षण मध्येच सोडून पियानोवादकांच्या एका फिरत्या ताफ्यात शिरल्या. (मध्येच सोडणारे तुम्ही एकटे नाही.) युद्धकाळात सैनिकांसमोर वाजवताना जिमी मॅकपार्टलंड या अमेरिकन कॉर्नेटवादकाशी गाठ पडली, 1945 मध्ये लग्न झालं. पुढे अमेरिकेत आल्या आणि 1950च्या दशकात न्यूयॉर्कच्या ‘हिकरी हाउस’मध्ये स्वतःचा ट्रिओ घेऊन वर्षानुवर्षं वाजवलं. ‘पियानो जॅझ’ हा त्यांचा कार्यक्रम एनपीआर या सार्वजनिक रेडिओवर सुरू झाला तो 1979 मध्ये. तेव्हा त्यांनी साठी गाठली होती! पहिल्या पाहुण्या होत्या पियानोवादक मेरी लू विल्यम्स. स्टुडिओत दोन पियानो. गप्पा चालायच्या, मध्येच पाहुणा काहीतरी वाजवून दाखवायचा, मध्येच दोघं मिळून वाजवायचे. 2011 पर्यंत त्या हे करत होत्या. करिअर म्हणून पाहाल तर आधी चाळीस वर्षं वाजवणं आणि मग तीसहून जास्त वर्षं वाजवता वाजवता बोलणं.

बिली टेलर यांनी कॉलेजात आधी समाजशास्त्र घेतलं होतं. तिथल्या संगीताच्या प्राध्यापिकेने त्यांना या बाजूला ओढलं. न्यूयॉर्कच्या ‘बर्डलंड’ क्लबचे ते हाउस पियानिस्ट झाले, म्हणजे जो कलाकार येईल त्याच्या साथीला बसायचं. पुढे डब्ल्यूएलआयबी केंद्रावर डिस्क जॉकी, मग एनपीआरवर ‘जॅझ अलाइव्ह’, मध्ये 1975 साली डॉक्टरेट. ब्रिटनचे हम्फ्री लिटलटन तर ट्रम्पेट स्वतःचे स्वतःच शिकले. चित्रकलेचं शिक्षण, वर्तमानपत्रात व्यंगचित्रकाराची नोकरी, संध्याकाळी बँड. 1956 मध्ये ‘बॅड पेनी ब्लूज’ तिकडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चढलं आणि 1967 पासून 2008 पर्यंत बीबीसी रेडिओ 2 वर त्यांनी ‘द बेस्ट ऑफ जॅझ’ चालवला. संगीताची पदवी नाही, पण बँड चालवण्याचा घाम गाळलेला.

आता दुसरी वाट. विलिस कोनोव्हर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. जानेवारी 1955 मध्ये त्यांनी ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वरून जॅझ लावायला सुरुवात केली आणि 1996 मध्ये निधन होईपर्यंत ते तिथे होते. कार्यक्रमाची धून ड्यूक एलिंग्टनच्या बँडची ‘टेक द ए ट्रेन’. कोनोव्हर वादक नव्हते, साधे निवेदक म्हणून रेडिओत आलेले. त्यांचं हत्यार एकच, आवाज आणि तो वापरण्याची शिस्त. लघुलहरींवर खरखर असते, ऐकणाऱ्यांपैकी लाखोंना इंग्रजी जेमतेम कळतं, हे धरून ते सावकाश, खालच्या पट्टीत, एकेक शब्द सुटा करून बोलत. शीतयुद्धाच्या काळात पूर्व युरोपातल्या कित्येक वादकांचं जॅझचं शिक्षण या आवाजावर झालं. आणि गंमत म्हणजे अमेरिकेत त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं, कारण व्हॉइस ऑफ अमेरिकाचे कार्यक्रम देशातल्या श्रोत्यांसाठी प्रसारित करायला कायद्यानेच मनाई होती.

फिल शॅप यांची गोष्ट तुमच्या जास्त जवळची आहे. वडील जॅझचे अभ्यासक. घरी वादकांचा राबता इतका की काउंट बेसीच्या बँडचा ड्रमर जो जोन्स लहानग्या फिलला सांभाळायला बसायचा. कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी म्हणून आले आणि 1970 मध्ये तिथल्या डब्ल्यूकेसीआर या विद्यार्थ्यांच्या केंद्रावर बोलायला लागले. पदवी इतिहासाची. 1981 पासून सकाळी ‘बर्ड फ्लाइट’, म्हणजे फक्त सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर, आठवड्याचे पाच दिवस, चाळीस वर्षं. पार्करच्या तीन मिनिटांच्या तबकडीबद्दल ते तिच्या लांबीपेक्षा कितीतरी जास्त वेळ बोलत. काही श्रोत्यांचा जीव मेटाकुटीला यायचा, पण रेडिओ बंद करवत नसे. 2021 मध्ये अमेरिकन सरकारच्या कलानिधीने त्यांना ‘जॅझ मास्टर’ म्हणून गौरवलं; हा मान एरवी बहुतेक वेळा वादकांनाच मिळतो. शिकागोचे ‘डॅडी-ओ’ डेली तर आधी बारटेंडर होते. बर्फाचे खडे उडवत, यमकं जुळवत ग्राहकांशी बोलायचे. तीच बोलण्याची ढब घेऊन माइकवर आले.

ही नावं पाहून ‘पार्श्वभूमी नसली तरी चालतं’ असा अर्थ मात्र काढू नका. भाऊ बरोबर आहे तो इथे. मॅकपार्टलंड यांच्या कार्यक्रमात बिल एव्हान्ससारखा पियानोवादक समोरच्या पियानोवर एखादी जागा उलगडून दाखवतोय आणि निवेदिका दुसऱ्या पियानोवर ती तिथल्या तिथे उचलून पुढचा प्रश्न सुरांतच विचारतेय, हे वाजवणाऱ्यालाच जमतं. तुम्हाला जमणार नाही. तेव्हा तो कार्यक्रम करू नका. कोनोव्हरनी, शॅपनी तो केलाच नाही. पण त्या दोघांनी ज्या तयारीने ऐकलं, ती तयारी पुष्कळ वाजवणाऱ्यांचीही नसते, आणि ती तुम्ही उद्यापासून करू शकता. जॅझ निवेदकाची पार्श्वभूमी मी त्यालाच म्हणते: काय वाजवलं त्यापेक्षा काय, किती बारकाईने ऐकलं.

म्हणजे नेमकं काय? ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं ‘सो व्हॉट’ लावा, 1959च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधलं. शंभरदा ऐकलं असेल. आता मोजत ऐका. सुरुवातीचा पियानो आणि बेसचा तालाबाहेरचा तुकडा जाऊ द्या. मग बेस चाल धरतो, आणि पियानो व हॉर्न (म्हणजे ट्रम्पेट, सॅक्सोफोन) दोन सुरांत त्याला उत्तर देतात. चार मात्रांचा एक बार. आठ बार झाले, तेच आठ पुन्हा आले. मग आठ बार सगळं अर्ध्या स्वराने वर सरकतं, हा ब्रिज. शेवटचे आठ परत खाली, मूळ जागी. बत्तीस बार, एक कोरस. ख्यालात आवर्तन जसं फिरून समेवर येतं तसा हा कोरस पुन्हा पहिल्या बारवर येतो, आणि वादक त्याच्यावरच आपला सोलो बांधतो. माइल्स दोन कोरस घेतो, सॅक्सोफोनवाले जॉन कोल्ट्रेन दोन आणि कॅननबॉल ॲडर्ली दोन, पियानोवर बिल एव्हान्स एक. ब्रिज आला हे बोटं न मोजता पोटात कळायला लागेपर्यंत ऐका. मग बारा बारांचा ब्लूज तसाच पक्का करा. एवढे दोन साचे अंगात मुरले की 1930 ते 1960 दरम्यानच्या जॅझपैकी फार मोठ्या भागात ‘आपण आत्ता कुठे आहोत’ हे तुम्हाला कळेल. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून निवेदकाच्या रोजच्या कामाला जे लागतं त्यातलं बरंचसं हेच, आणि ते संध्याकाळच्या वेळात होण्यासारखं आहे.

तुम्हाला वाटेल, श्रोत्यांना बार मोजून कोण दाखवणार? कोणीच नाही. हे माइकच्या बटणासाठी आहे. काउंट बेसीच्या बँडचं 1955चं ‘एप्रिल इन पॅरिस’ घ्या. दणदणीत शेवट होतो. तुम्ही फेडर (कन्सोलवरची माइकचा आवाज वाढवणारी सरकपट्टी) वर करून ‘हे होतं...’ म्हणता आणि तेवढ्यात बेसी म्हणतो, ‘वन मोअर टाइम’, बँड पुन्हा सुरू! ते संपतं, हुश्श करून तुम्ही बोलायला जाता, तर तो म्हणतो, ‘वन मोअर वन्स’. ज्याने शेवटपर्यंत ऐकलेलं नाही तो निवेदक इथे दोनदा तोंडावर पडतो. म्हणून माझा आग्रह आहे: जे लावणार ते आधी शेवटच्या सेकंदापर्यंत ऐकलेलं हवं. बेसचा सोलो सुरू झाला की ‘आता काही होत नाहीये’ असं समजून त्यावर बोलणारे निवेदक मला मनापासून आवडत नाहीत. त्या बिचाऱ्या बेसवाल्याला रात्रभरात तेवढाच वाव मिळालेला असतो.

दुसरी तयारी, नावांची. जॅझमध्ये कोण वाजवतंय हीच अर्धी बातमी असते, आणि कव्हरवरचं नाव दर वेळी खरं सांगत नाही. मे 1953 मध्ये टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस, मॅक्स रोच आणि चार्ली पार्कर एका मंचावर होते. ती मैफल रेकॉर्डवर आली तेव्हा आल्टो सॅक्सोफोनपुढे नाव छापलं होतं ‘चार्ली चॅन’. पार्कर दुसऱ्या कंपनीच्या करारात होता, म्हणून. कव्हर वाचून ‘आल्टोवर चार्ली चॅन’ असं सांगणारा निवेदक जाणत्या श्रोत्यांच्या मनातून कायमचा उतरतो. त्यातही त्या रेकॉर्डवरचा बराचसा बेस मिंगसने नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून वर चढवलेला आहे. असं एक वाक्य सांगितलं की श्रोता बेसकडे कान देऊन ऐकतो. माहिती सांगायची ती अशासाठी.

इथे तुमचा सुटलेला सॅक्सोफोन कामाला येतो. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पहिल्या बाजूच्या तीन रचना ज्या टेप मशीनवर ध्वनिमुद्रित झाल्या ते किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर रेकॉर्डवर त्या जराशा चढ्या सुरात ऐकू येतात. 1992च्या आवृत्तीपासून हे दुरुस्त झालं. केंद्राच्या संग्रहात जुनी प्रत असेल तर वाद्य काढा आणि तिच्याबरोबर वाजवून बघा. आल्टो ई-फ्लॅटमधलं, म्हणजे त्यावर वाजवलेल्या सुराचं नाव एक आणि ऐकू येणारा सूर दुसरा, त्यामुळे रेकॉर्डवरचा डी तुमच्या बोटांखाली बी होतो हे तुम्हाला सांगायला नको. तो बी त्या प्रतीशी जुळता जुळत नाही. हे वाचून कळणं वेगळं आणि स्वतःच्या ओठांना कळणं वेगळं. शिवाय आल्टो कोणता, टेनर कोणता, हे तुम्ही चटकन ओळखता. श्वास कुठे घेतला ते ऐकू येतं. पुष्कळ निवेदकांना एवढंही येत नाही. तेव्हा वाद्य पुन्हा हातात घ्या, पण ते घरात. कार्यक्रमात वाजवून दाखवायची हौस नको.

कानाची परीक्षा घ्यायला एक जुना खेळ आहे. लेनर्ड फेदर या समीक्षकाने 1946 पासून तो मासिकात चालवला: वादकाला नाव न सांगता रेकॉर्ड ऐकवायची आणि त्याने ओळखायची, मत द्यायचं. रॉय एल्ड्रिज हा पट्टीचा ट्रम्पेटवादक. त्याने पैज लावली की वादक काळा की गोरा हे मी नुसतं ऐकून सांगेन. फेदरने ऐकवल्या, एल्ड्रिज जागोजाग चुकला, आणि पैज हरल्याचं त्याने कबूलही केलं. मित्राला सांगा, रोज एक रेकॉर्ड लावत जा, कव्हर लपव. आधी वाद्यं ओळखा, मग साधारण दशक, मग नाव. नाव चुकेल. दशक चुकणं कमी व्हायला लागलं की समजा गाडी रुळावर आहे.

पहिल्या कार्यक्रमाला ‘जॅझचा इतिहास, भाग एक’ करू नका, हात जोडून सांगते. न्यू ऑर्लीन्सपासून सुरुवात करणाऱ्या मालिका सहसा तिसऱ्या-चौथ्या भागात दम तोडतात. एक माणूस धरा. माझं सुचवणं, पॉल चेंबर्स. ‘सो व्हॉट’मध्ये चाल धरणारा तो बेस त्याचाच, त्या दिवशी तो 23 वर्षांचा होता. 1956च्या ‘टेनर मॅडनेस’मध्ये सॉनी रोलिन्स आणि कोल्ट्रेन हे दोन टेनर सॅक्सोफोनवाले आमनेसामने आहेत, खाली बेसवर चेंबर्स. ही सुमारे बारा मिनिटं. 1957च्या त्याच्या स्वतःच्या ‘बेस ऑन टॉप’मधलं ‘यस्टरडेज’ घ्या, तिथे तो बेस गजाने वाजवतो. कोल्ट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’वर एक ब्लूज आहे, ‘मिस्टर पी.सी.’, पी.सी. म्हणजे पॉल चेंबर्स, आणि त्यात बेसही तोच वाजवतोय. 1961चं ऑलिव्हर नेल्सनचं ‘स्टोलन मोमेंट्स’, तिथेही तो. हे सगळं त्रेचाळीस-चव्वेचाळीस मिनिटांत बसतं. एक छोटी रचना वर घाला, बोलायला नऊ-दहा मिनिटं उरतात, तास भरला. वयाच्या 33व्या वर्षी, 1969 मध्ये तो गेला. नेत्याच्या जागी त्याचं नाव मोजक्या रेकॉर्डवर सापडतं, आणि तरी त्याच्यामागे चालत गेलात तर त्या काळातलं अर्धं गाव भेटतं.

या रचनेचा आणखी एक फायदा आहे. अमेरिकेत सरसकट परवान्यावर चालणाऱ्या इंटरनेट रेडिओला नियम आहे: तीन तासांत एका मुख्य कलाकाराच्या चारपेक्षा जास्त रचना नाहीत, त्यातही सलग तीनच्या वर नाहीत; एका अल्बममधल्या तीन, सलग दोन. साथीदार धरून कार्यक्रम बांधला की मुख्य कलाकार दर वेळी बदलतो आणि नियम आडवा येत नाही. तुमच्या केंद्राचा परवाना कोणत्या प्रकारचा आहे, तुम्हाला काय लागू होतं, हे पहिल्या आठवड्यातच विचारून घ्या.

बोलायचं कसं, याचे दोन नमुने देते. पहिला:

“आणि आता ऐकूया जॅझच्या इतिहासातला मैलाचा दगड, एक अजरामर, अविस्मरणीय कलाकृती...”

दुसरा:

“यात चाल बेसवर आहे. बाकीचे नुसते दोन सुरांत उत्तर देतात. बेस वाजवतोय पॉल चेंबर्स, वय तेवीस.”

पहिल्यात श्रोत्याला करायला काही नाही, फक्त मान डोलवायची. दुसऱ्यात त्याला कान कुठे लावायचा ते कळलं. रचना संपल्यावर मात्र सगळी नावं सांगा, वाद्यासकट, न घाईने. आवडलेलं संगीत कोणाचं होतं हे न कळल्यामुळे चिडलेल्या श्रोत्याइतका चिडलेला श्रोता दुसरा नसतो. उच्चार आधी तपासा. बेसी, मिंगस, थेलोनियस, बाइडरबेक. एकदा चुकीचा उच्चार जिभेवर बसला की तो माइकवरच नेमका बाहेर पडतो. आणि आपला प्रत्येक कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐका, फक्त बोलण्याचे तुकडे. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, सगळ्यांनाच. तरी ऐका. ‘तर मंडळी’, ‘खरं तर’, ‘अप्रतिम’ यांची गर्दी तिथेच पकडता येते.

आता तो रकाना. असं लिहा:

“शाळेच्या बँडमध्ये आल्टो सॅक्सोफोन. वादन सुटलं, ऐकणं सुरू आहे. 1950 आणि 60च्या दशकांतल्या छोट्या बँडांचं जॅझ हा विशेष आवडीचा विषय, त्यातही साथीचे वादक. याच केंद्रावर कन्सोल सांभाळतो.”

झालं. ‘गाढा अभ्यासक’ नको, ‘जॅझप्रेमी’ही नको, प्रेम नसतं तर फॉर्म कशाला भरला असता? सॅक्सोफोन सुटला हे लपवू नका. ज्यांचं वाद्य सुटलंय असे श्रोते, वाजवत असलेल्यांपेक्षा संख्येने कितीतरी जास्त असतात.

अभ्यासक्रम करायचाच असेल तर नोकरी आणि कार्यक्रम सांभाळून करा, आणि पदवीच्या मागे न लागता दोन गोष्टी शिकवणारा शोधा: कान तयार करणं, आणि कीबोर्डवर कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे सूर) ओळखणं. कीबोर्ड यासाठी की सॅक्सोफोनवर एका वेळी एकच सूर निघतो, कॉर्ड बदलतानाचा रंग त्यावर दिसत नाही. सहा महिने कार्यक्रम केल्यावर शिकायला जाल तर प्रश्न तुमचे स्वतःचे असतील आणि शिकवणाराही खूश होईल.

राहिला करिअरचा प्रश्न. त्यावर गोड बोलणार नाही. केवळ जॅझ लावून पूर्णवेळ पगार मिळणाऱ्या जागा जगभरातच थोड्या आहेत. वर ज्यांची नावं घेतली त्यांचंही पाहा. मॅकपार्टलंड आणि टेलर शेवटपर्यंत वादक होते. लिटलटन बँड चालवत. शॅप शिकवत, जुन्या रेकॉर्डच्या नव्या आवृत्त्यांवर काम करत, त्यासोबतची टिपणं लिहीत, आणि त्या कामाला ग्रॅमीही मिळाले. कोनोव्हर इतकी वर्षं व्हॉइस ऑफ अमेरिकावर होते, पण नोकर म्हणून कधीच नाही, कंत्राटी. रेडिओवरचा तास हा या सगळ्यांसाठी मधला खांब होता, त्याच्याभोवती बाकीचं उभं राहिलं. तेव्हा हिशेबाची नोकरी सोडू नका. छोट्या केंद्रांना हिशेब कळणारा माणूस निवेदकापेक्षा दुर्मीळ असतो, हेही ध्यानात ठेवा. उद्या कार्यक्रम नियोजनाच्या टेबलावर तुम्हाला जागा मिळाली तर ती कदाचित याच गुणावर मिळेल.

पायऱ्या साधारण अशा असतात. आधी स्वतःचा तास नियमित करणं, एकही आठवडा न चुकवता. मग दुसरा निवेदक रजेवर गेला की त्याची वेळ सांभाळणं. रात्री-अपरात्रीच्या वेळा कोणाला नको असतात, त्या आनंदाने घ्या. संग्रहाची नोंदवही हातात घ्या, कारण ज्याला रेकॉर्ड कुठे आहे ते माहीत असतं त्याला सगळे विचारायला येतात. गावात आलेल्या वादकाची मुलाखत घ्या. तिथे ‘तुमच्या प्रवासाबद्दल सांगा’ हा प्रश्न टाळा. त्याच्याच रेकॉर्डमधला अर्धा मिनिट लावा आणि विचारा, ‘इथे तुम्ही थांबलात का?’ न वाजवणाऱ्या निवेदकालाही वादकाकडून खरं उत्तर काढता येतं, ते असं. महोत्सवाचं निवेदन, लेखन, कार्यशाळा या गोष्टी त्या मुलाखतींतून फुटतात, अर्ज करून क्वचित मिळतात.

मोठ्या केंद्राकडे जायची वेळ आली की ते तुमच्याकडे नमुना मागतील. तीन-चार चांगले बोलण्याचे तुकडे, त्यांच्या दोन्ही बाजूंना संगीत काही सेकंदच ठेवून जोडलेले, सगळं मिळून पाच मिनिटांच्या आत. त्यासाठी पहिल्या दिवसापासूनची ध्वनिमुद्रणं जपा, आणि प्रत्येक कार्यक्रमात काय लावलं, कोणत्या आवृत्तीतून, कोण वाजवत होतं, याची वही ठेवा. फक्त एक लक्षात असू द्या: पूर्ण रचनांसकट तो तास पॉडकास्ट म्हणून चढवायला प्रसारणाचा परवाना पुरत नाही, त्याचे हक्क वेगळे घ्यावे लागतात. बोलण्याचे तुकडे तुमचे आहेत, ते खुशाल ठेवा.